दीर्घिकांचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरसाल योजिले जाते त्या गुरुजींनी आपली उभी हयात अंकगणित शिकविण्यात घालविली, आणि त्यांच्या अंकगणितात हौदाच्या उदाहरणांना जो मान होता तो दुसऱ्या कशालाच नव्हता. हौदात वरून एक नळ पाणी आणतो, खालच्या दोन तोट्यांनी ते वाहून जाते, तर भरलेला हौद किती वेळात रिकामा होईल, अशा जातीची ती उदाहरणे, आणि आम्ही उतावीळ मुले तोट्यांतून पाणी किती जोराने पडते तेवढेच वाचून उत्तर सांगून मोकळे होत असू, तेव्हा गुरुजी हातातला खडू टेबलावर ठेवून शांतपणे विचारीत, "तोटीचा जोर सांगितलास, पण हौदात शिल्लक किती आहे ते पाहिलेस का?" पुढे माझे आयुष्य आकाशातल्या वस्तूंच्या अभ्यासात गेले, आणि ज्या विषयावर आज मी आपल्यापुढे बोलणार आहे त्या विषयात तर हा प्रश्न मला पावलोपावली भेटला; तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचेच विवरण होय, असे समजण्यास हरकत नाही.

ज्या दीर्घिकांत नवे तारे असाधारण वेगाने जन्मास येतात त्यांना पाश्चात्त्य ज्योतिर्विद 'स्टारबर्स्ट' म्हणतात. आपण त्यांना उद्रेकी दीर्घिका म्हणू. दहापट, शंभरपट, क्वचित हजारपट वेगाने तारे घडविणाऱ्या दीर्घिका, असे त्यांचे वर्णन सर्वत्र वाचावयास मिळते, आणि ते खोटे नाही. परंतु ते तोटीच्या जोराचे वर्णन आहे. विपुल वायू बाळगणारी एखादी अवाढव्य दीर्घिका वर्षाकाठी दहा सूर्यांच्या वजनाचे तारे घडवीत असेल तर तो तिचा नित्याचा प्रपंच होय, आणि तेवढाच खर्च एखादी लहानशी दीर्घिका करू लागली तर मात्र तो उद्रेक होय. कारण पहिलीला तो अब्जावधी वर्षे झेपतो आणि दुसरीचा खजिना काही कोटी वर्षांतच रिता होतो. म्हणजे उद्रेक हा शब्द लावावा की लावू नये याचा निवाडा शिलकीला खर्चाने भागल्याखेरीज होत नाही. गेल्या साठ वर्षांचा या शास्त्राचा इतिहास मला या भागाकाराचाच इतिहास वाटतो. आधी तोटीतून उडणारे तुषार दिसले, मग तिचा खरा जोर कळला, आणि हौदातले पाणी मोजण्याचे अवघड काम सर्वांत उशिरा हाती आले. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात पार पडला, ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो.

प्रथम घरचा हिशेब पाहू. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या विस्तीर्ण पोकळीत अत्यंत विरळ वायू पसरलेला आहे. त्यात मुख्यतः हायड्रोजन, थोडा हेलियम आणि कणभर धूळ. हा वायू जेथे गोळा होऊन थंड होतो, इतका थंड की त्याचे तपमान उणे २६० अंशांच्या आसपास उतरते, तेथे तो स्वतःच्याच गुरुत्वाने आवळला जाऊन त्याचे तारे होतात. मृग नक्षत्रात व्याधाच्या बाणाखाली जो अंधुक ठिपका निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा असाच एक प्रसूतिगृहवजा तेजोमेघ आहे. असे सगळे तेजोमेघ जमेस धरले तरी साऱ्या आकाशगंगेत वर्षभरात जे तारे घडतात त्यांचे एकूण वजन एका-दोन सूर्यांइतकेच भरते. वायूची शिल्लक मात्र काही शे कोटी सूर्यांच्या वजनाची आहे. वायूला स्वस्थता नसते, त्यात खळबळ असते, चुंबकीय क्षेत्रांचा ताण असतो, आणि नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचे ऊन भोवतालच्या मेघाला उधळून लावते. म्हणून मेघातला अगदी थोडा हिस्सा ताऱ्यांच्या कामी येतो आणि बाकीचा पुन्हा पोकळीत परततो. ही काटकसर कोणी ठरवून केलेली नाही, परंतु सूर्याला आणि आपल्याला जो निवांत शेजार लाभला आहे तो तिच्यामुळेच लाभला आहे.

आता या काटकसरीच्या घरातून उठून शेजारच्या एका उधळ्या घरी जाऊ. बर्लिनचे ज्योतिर्विद योहान बोडे यांना ३१ डिसेंबर १७७४ च्या रात्री सप्तर्षींच्या मुलखात दोन अंधुक तेजोमेघ जवळजवळ आढळले. पुढे फ्रान्समध्ये शार्ल मेसिये यांनी आपल्या यादीत त्यांना ८१ आणि ८२ हे क्रमांक दिले, आणि दुसऱ्याची ओळख आजही एम-८२ अशीच आहे. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. दीर्घिकांच्या जगात हे अंतर म्हणजे वाड्यातल्या वाड्यात. एका चैत्री रात्री जुन्नरकडच्या माळावर आठ इंची दुर्बिणीतून मी ही जोडी काही तरुण मित्रांना दाखविली होती. एम-८१ म्हणजे मऊ, गोल, मध्याकडे उजळ होत जाणारा डाग, ओल्या कागदावर सांडलेल्या दुधासारखा. आणि त्याच्या शेजारी एम-८२, कापसाची वात पिळून ठेवावी तशी लांबट आणि तिरपी, आणि तिच्या मधोमध नखाने ओरखडा काढावा तशी एक काळी चीर. रंग कसलाच नाही, सगळे करड्या राखेचे. एकाने बराच वेळ डोळा लावून विचारले, ही चीर म्हणजे दीर्घिका तुटली आहे का? मी त्याला सांगितले की तुटलेली नाही. ती चीर धुळीची आहे, आणि सारी भानगड त्या धुळीआडच आहे.

ती भानगड १९६३ साली प्रथम उजेडात आली. रॉजर लिंड्स आणि ॲलन सँडेज या दोघा अमेरिकन ज्योतिर्विदांनी एम-८२ चे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर तप्त हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा आत सोडणारी काच बसवून ते घेतलेले होते, आणि त्यात दीर्घिकेच्या गाभ्यातून तिच्या पातळीशी काटकोन करून वर आणि खाली हजारो प्रकाशवर्षे लांब तंतूंचे झुबके उसळलेले दिसत होते. त्यांच्या गतीवरून मागे हिशेब करून दोघांनी निष्कर्ष काढला की सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी या दीर्घिकेच्या गाभ्यात एक प्रचंड स्फोट झाला असावा. तो काळच स्फोटांच्या कल्पनेने भारलेला होता. मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्याने व्हेरा रुबिन यांच्यासह लगेच पुढच्या वर्षी या वायूच्या वेगांचा अभ्यास केला. आपल्या जयंत नारळीकरांनी पुढे ज्यांच्यासह दीर्घकाळ काम केले तेच हे जेफ्री बर्बिज. पण वर्णपट अधिक बारकाईने तपासले तेव्हा त्या तंतूंच्या उजेडातला काही भाग धुळीवरून परावर्तित झालेला निघाला, आणि स्फोट वगैरे काही नसून ही दीर्घिका एका धुळीच्या मेघातून चालली आहे इतकेच, असाही एक पक्ष १९७० च्या दशकात उभा राहिला. दोन्ही पक्षांपाशी पुरावा होता, दोन्ही पक्षांचे लोक प्रामाणिक होते, आणि मामला बारा-पंधरा वर्षे लोंबकळत राहिला.

त्याचा उलगडा ज्या वाटेने झाला ती वाट अगदी साधी आहे. ताऱ्यांत वजन आणि आयुष्य यांचे नाते व्यस्त असते. सूर्य सुमारे १,००० कोटी वर्षे जगणार. सूर्याच्या २५ पट वजनाचा तारा मात्र सूर्याहून लाखाच्या घरात पट तेजाने जळतो आणि ७० लाख वर्षांच्या आसपास आटोपतो. त्याचा शेवट अतिनवताऱ्याच्या, म्हणजे ज्याला सुपरनोव्हा म्हणतात त्याच्या, स्फोटात होतो. तेव्हा एखाद्या ठिकाणी थोड्या अवधीत लक्षावधी तारे जन्मले, तर त्यांतले मोठे तारे पाठोपाठ फुटू लागणार, एकाच्या झळीत दुसऱ्याची झळ मिसळणार, आणि तापलेल्या वायूचा एक अखंड झोत दीर्घिकेच्या चपट्या तबकडीतून ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला, म्हणजे वर आणि खाली, बाहेर पडणार. रॉजर शेव्हालिए आणि ॲंड्र्यू क्लेग यांनी १९८५ साली या झोताचे गणित मांडले, आणि एका महास्फोटाची जागा हजारो स्फोटांच्या अव्याहत वाऱ्याने घेतली. एम-८२ च्या मध्यातल्या अवघ्या तीनेक हजार प्रकाशवर्षे रुंदीच्या टापूत हे सारे चालले आहे. हबल दुर्बिणीने तेथे शंभरावर तरुण तारकागुच्छ दाखविले, आणि क्ष-किरणांत पाहणाऱ्या दुर्बिणींनी कोट्यवधी अंश तापलेला वायू दाखविला. धुळीचे म्हणणेही अगदी निराधार नव्हते, कारण तो झोत जाताना आपल्याबरोबर धूळ उधळीत नेतो आणि त्या धुळीवरून गाभ्याचा उजेड परावर्तित होतोच. आपल्या आकाशगंगेहून वजनाने कितीतरी लहान असलेली ही दीर्घिका तिच्या सुमारे दहापट वेगाने तारे घडवीत आहे. तोटीचा जोर असा ठरला. पण ती केव्हा उघडली, आणि कोणी?

येथे मला बिॲट्रिस टिन्सली यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगावयाचे आहे, कारण जमाखर्चाची ही दृष्टी दीर्घिकांच्या अभ्यासात ज्यांनी रुजविली त्यांत त्यांचा मान फार वरचा आहे आणि आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. जन्म १९४१ साली इंग्लंडात, बालपण न्यूझीलंडमध्ये, डॉक्टरेट अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात. १९७८ साली येल विद्यापीठात खगोलशास्त्राच्या प्राध्यापकपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. दीर्घिका म्हणजे एकदा घडून तशीच राहिलेली वस्तू, असे गृहीत धरण्याची वहिवाट असताना त्यांनी दीर्घिकेच्या वयाबरोबर तिचा रंग आणि तिचे तेज कसकसे बदलत जाते हे पिढ्यान् पिढ्यांच्या ताऱ्यांची बेरीज-वजाबाकी करून दाखविले. निळा प्रकाश अल्पायुषी, वजनदार ताऱ्यांचा. तांबूस प्रकाश जुन्या, हलक्या ताऱ्यांचा. म्हणजे दीर्घिकेचा रंग ही तिची खतावणी होय, आणि निळाई ही अगदी अलीकडच्या खर्चाची ताजी नोंद. हॉल्टन आर्प यांनी १९६६ साली ३३८ विचित्र आकारांच्या दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. कोणाला शेपटी फुटलेली, कोणाचे बाहू ओरबाडलेले, कोणी दुसरीच्या गळ्यात पडलेली. टिन्सली आणि रिचर्ड लार्सन यांनी १९७८ साली या विचित्र दीर्घिकांचे रंग साध्या, सुघटित दीर्घिकांच्या रंगांशी ताडून पाहिले. साध्या दीर्घिकांचे रंग एका अरुंद पट्ट्यात शिस्तीने बसत होते आणि विचित्र दीर्घिकांचे सैरावैरा पसरलेले होते. त्या पसाऱ्याचा अर्थ त्यांनी असा लावला की या दीर्घिकांत अलीकडेच ताराजननाचे उद्रेक झालेले असावेत, काहींची मुदत अवघी दोन कोटी वर्षे आणि त्यांत एकूण वजनाच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत खर्च झालेला, आणि हे उद्रेक बहुतेक करून शेजारच्या दीर्घिकेशी गाठ पडलेल्या दीर्घिकांतच आढळतात. नुसत्या रंगांच्या कोष्टकातून एवढे वाचणे ही बुद्धीची केवढी मोठी कामगिरी! पुढे तीनच वर्षांनी, १९८१ च्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. त्यांनी जे अनुमानिले त्याचा पडताळा त्यानंतर दोन वर्षांतच मिळू लागला, आणि तो पाहण्यास त्या नव्हत्या, याचे मला अजून वाईट वाटते.

शेजाऱ्याशी गाठ पडल्याने तोटी का उघडावी, याचे बीज आधीच टाकले गेले होते. आलार आणि युरी टुमरे या भावांनी १९७२ साली संगणकावर दीर्घिकांच्या भेटी घडवून आणल्या होत्या आणि त्या लांब शेपट्या गुरुत्वाच्या ओढीने कशा निपजतात ते दाखविले होते. दीर्घिकांची टक्कर या शब्दाने मनात जे चित्र येते ते ताऱ्यांच्या बाबतीत खरे नाही. ताऱ्यांमधली अंतरे त्यांच्या आकाराच्या मानाने एवढी अफाट आहेत की दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी तारा ताऱ्यावर आदळण्याचा संभव जवळजवळ शून्य. जत्रेत एकमेकींतून जाणाऱ्या दोन पालख्यांची माणसे जशी आपापल्या पालखीबरोबर निघून जातात, तसे तारे आपापल्या वाटेने निघून जातात. वायूचे तसे नाही. वायू पसरलेला असतो, तो वायूला आडवा येतो, घासतो, तापतो आणि थंड होतो, आणि दीर्घिकेभोवती फिरण्याची जी गती त्याला केंद्रापासून दूर धरून ठेवीत होती ती गमावून बसतो. गती गेली की तो खाली, म्हणजे केंद्राकडे, घसरतो. जो वायू लाख प्रकाशवर्षांच्या तबकडीत विरळ पसरला होता तो थोड्या हजार प्रकाशवर्षांच्या जागेत येऊन दाटतो, आणि दाटीबरोबर ताराजननाचा वेग नुसता वाढत नाही, चढत्या श्रेणीने वाढतो. मार्टेन श्मिट यांनी १९५९ साली सुचविलेला आणि रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ साली अनेक दीर्घिकांवर पडताळलेला नियम हाच: वायूची दाटी दसपट झाली तर ताराजनन सुमारे पंचवीसपट होते. म्हणजे दाटी जेवढी अधिक, तेवढी शिल्लक लवकर सरणार. एम-८२ चे प्रकरण असेच घडले. कित्येक कोटी वर्षांपूर्वी ती एम-८१ या वजनदार शेजारणीजवळून गेली, आणि १९९४ साली रेडिओ दुर्बिणींनी काढलेल्या हायड्रोजनच्या नकाशात एम-८१, एम-८२ आणि एनजीसी-३०७७ या तिघींना जोडणारे वायूचे पट्टे स्वच्छ दिसले. साध्या छायाचित्रात या तिघी एकमेकींशी संबंध नसलेल्या, सभ्य अंतर राखून बसलेल्या दिसतात. त्यांच्यातल्या ओढाताणीचा दाखला केवळ त्या थंड, अदृश्य वायूने जपून ठेवला आहे.

मघाशी धुळीचा उल्लेख केला, तिच्याकडे वळणे भाग आहे, कारण तिने या हिशेबात फार मोठी गफलत करून ठेवली होती. तारे घडतात तेथेच धूळ सर्वांत दाट असते. मोठे नवे तारे जो जंबुपार आणि निळा प्रकाश ओततात तो धूळ पिऊन टाकते, स्वतः किंचित तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त उष्णतेच्या रूपाने परत देते. आमच्या गावी कुंभारवाड्यात आवा लागला की वरून राख आणि मातीचा जाड थर लिंपलेला असे; ज्वाळ कोठेही दिसत नसे, एखाद्या फटीतून धुराची रेघ निघे इतकेच. पण चार हातांवरून तळवा पुढे केला की आच लागे, आणि कुंभारदादा ज्वाळ पाहून नव्हे, त्या आचेवरून आत किती इंधन पेटले आहे ते सांगत असत. दीर्घिकांपुढे असा तळवा धरण्याचे काम २५ जानेवारी १९८३ रोजी सुटलेल्या आयरास या उपग्रहाने केले. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा हा उपग्रह. त्याची दुर्बीण अवघी ५७ सेंटिमीटरची, पण द्रवरूप हेलियमने इतकी गार ठेवलेली की तिची स्वतःची उष्णता आड येऊ नये. नोव्हेंबरात हेलियम संपले आणि काम थांबले. पण त्या दहा महिन्यांत अवरक्त आकाशातल्या सुमारे २,५०,००० बिंदूंची नोंद झालेली होती. त्या नोंदींत आर्प यांच्या संग्रहातली २२० क्रमांकाची दीर्घिका निघाली. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची ही आर्प-२२० साध्या प्रकाशात एक गढूळ, बिनमहत्त्वाचा ठिपका दिसते. अवरक्तात मात्र ती एक लाख कोटी सूर्यांहून अधिक तेजाने धगधगत होती. तिच्यात दोन दीर्घिका एकमेकींत विरघळत आहेत, त्यांचे दोन गाभे अजून सुमारे १,२०० प्रकाशवर्षांच्या अंतरावर वेगळे ओळखू येतात, आणि वर्षाकाठी शेकडो सूर्यांच्या वजनाचे तारे तेथे घडत आहेत. डोळ्यांवर विसंबून केलेल्या मोजणीत ही दीर्घिका सामान्य कुळांच्या यादीत पडली असती.

धूळ किती पक्का आडोसा करते, याचा एक अनुभव एम-८२ नेच दिला. २१ जानेवारी २०१४ च्या संध्याकाळी लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी हे अध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना दुर्बीण चालविण्याचा सराव देत होते. ढग दाटून येत होते, म्हणून घाईघाईने त्यांनी एम-८२ कडे दुर्बीण वळविली, आणि पडद्यावर जेथे तारा असावयास नको तेथे तारा होता. तो अतिनवतारा जगभर गाजला. पण ज्या जातीचा तो होता ती जात जुन्या, श्वेतबटू झालेल्या ताऱ्यांच्या स्फोटाची. उद्रेकातल्या तरुण ताऱ्यांशी तिचा प्रत्यक्ष संबंध नाही. त्याच्या सहा वर्षे आधी, २००८ साली, याच दीर्घिकेच्या गाभ्यात खरोखरीचा एक तरुण, वजनदार तारा फुटला होता, आणि तो कोणत्याही साध्या दुर्बिणीला दिसला नाही. रेडिओ लहरींनीच त्याचा पत्ता लागला, तोही नंतर. रेडिओ नकाशांत त्या गाभ्यात अशा फुटून गेलेल्या ताऱ्यांचे चाळीस-पन्नास अवशेष मोजता येतात.

आणखी दूर गेल्यावर तर हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर दिसली. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने दहा दिवस सप्तर्षींतल्याच एका रिकाम्या भासणाऱ्या जागेवर नजर खिळवून ठेवली. जागा चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याची, आणि तीत जवळजवळ ३,००० दीर्घिका सापडल्या. १९९८ साली हवाईतल्या मौना केआवरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने त्याच जागी मिलिमीटरहून थोड्या आखूड लहरींत पाहिले, तेव्हा सर्वांत प्रखर जो बिंदू आढळला त्याच्या ठिकाणी हबलच्या चित्रात काहीच नव्हते. तीन हजारांच्या त्या हजेरीपत्रकात सर्वांत उद्योगी असामीचेच नाव नव्हते! तिचे अंतर ठरविण्यास चौदा वर्षे लागली. २०१२ साली कळले की तिचा प्रकाश सुमारे १,२५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि तेव्हा ती वर्षाला सुमारे ८५० सूर्यांच्या वजनाचे तारे घडवीत होती.

अशा सर्व काळांच्या नोंदी जुळविल्या, दिसणारा प्रकाश आणि धुळीआडची आच दोन्ही जमेस धरली, म्हणजे विश्वाचा ताराजननाचा जो आलेख तयार होतो तो सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला पोहोचलेला दिसतो आणि तेथून आजपर्यंत जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर उतरलेला दिसतो. त्या काळी आजच्या मानाने उद्रेक म्हणावी अशी अवस्था पुष्कळ दीर्घिकांची नित्याचीच होती. मग ही उतरण का लागली? तोट्या कोणी आवळल्या की हौद रिते झाले? येथे गुरुजींचा प्रश्न अगदी जसाच्या तसा येऊन उभा राहतो, आणि तारे कितीही मोजले तरी त्याचे उत्तर मिळत नाही. वायू मोजावा लागतो. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची एक रेडिओ लहर सोडतो, परंतु ती इतकी क्षीण असते की दूरच्या एकट्या दीर्घिकेची लहर आजच्या दुर्बिणींना सहसा ऐकू येत नाही.

नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. विज्ञानदिनी तेथे शाळांची मुले झुंडीने येतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पहिल्यांदा जवळ गेलो तेव्हा मला नवल वाटले ते असे की तबकडी म्हणून जे लांबून भरीव दिसते ते बारीक पोलादी तारेचे विणलेले जाळे आहे, त्यातून पलीकडचे आभाळ दिसते आणि वारा आरपार जातो. लांब लहरींना एवढी वीण पुरते, आणि वाऱ्याचा दाब टळल्याने सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. कांद्याच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या या जाळ्यांनी विश्वाच्या हौदाचे पाणी मोजले. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि बंगळूरची रामन संशोधन संस्था येथील संशोधकांनी ज्यांची अंतरे आधी ठाऊक होती अशा ७,६५३ दीर्घिकांच्या क्षीण लहरी, ज्यांतली एकही सुटी ओळखू येत नव्हती, एकावर एक रचून त्यांची बेरीज केली. गोंगाट गोंगाटाला छेदून मावळला आणि हायड्रोजनची लहर वर आली. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी शिल्लक किती होती ते २०२० साली असे प्रथम कळले. ती शिल्लक लहान नव्हती. परंतु त्या काळच्या खर्चाच्या वेगाने ती अवघी १०० ते २०० कोटी वर्षेच पुरली असती. बाहेरून वायूची आवक ज्या प्रमाणात व्हावयास हवी होती त्या प्रमाणात झाली नाही, आणि ताराजनन ओसरले. वरचा नळ का मंदावला, हे काम आता खोडदच्या आणि जगातल्या इतर दुर्बिणींपुढे आहे.

एम-८२ ला दुर्बिणीतून आपल्यापैकी कोणीही पाहू शकेल. चैत्रात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास उत्तरेस तोंड करून उभे राहावे. सप्तर्षींच्या चौकोनातला पुलस्त्य आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पलीकडे तेवढीच वाढविली की तिच्या टोकाशी, क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर, एम-८१ आणि एम-८२ या दोघी असतात. आकाशात दिसणारे तारे केव्हाच मेलेले आहेत असे जे नेहमी म्हटले जाते ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांबद्दल बहुतेक चूक आहे, कारण ते फार जवळचे आहेत. त्या करड्या वातीबद्दल मात्र अंशतः खरे आहे. तिचा प्रकाश १ कोटी २० लाख वर्षांचा प्रवास करून येतो, आणि ज्या २५ सूर्यांच्या वजनाच्या ताऱ्यांची मी मघाशी गोष्ट सांगितली त्यांची सारी हयातच ७० लाख वर्षांची. त्यांतला एकही आज शिल्लक नाही. एम-८१ शी जोडणाऱ्या त्या पट्ट्यांतला वायू दरम्यान खाली उतरला असेल, तर त्यांच्या जागी नवे तारे पेटलेले असतील. नसेल उतरला, तर तेथे या घटकेला अंधार पडू लागलेला असेल, आणि दोहोंपैकी काय झाले ते सांगणारा उजेड अजून वाटेत आहे.